साडेएकोणीस फुटांचा कठडा

मी चिडका आहे, हे मला कोणी सांगायला नको. पहिल्या वर्षाची पोरं पाठीमागे मला 'मिर्चा मास्टर' म्हणतात. म्हणोत बापडी. वाकडी रेघ दिसली की माझं डोकं फिरतं, शाईचा डाग दिसला की जीभ सुटते. बारा वर्षं ड्रॉइंग शिकवतोय, स्वभाव काही सुधारला नाही. पण वर्षातून एक दिवस असा येतो की मी कोणावर ओरडत नाही. फळ्यावर आकृती काढतो, समजावून सांगतो, कोणी तीच शंका तिसऱ्यांदा विचारली तरी शांतपणे उत्तर देतो. पोरं एकमेकांकडे बघतात. मास्टरची तब्येत बिघडली असं त्यांना वाटत असावं. तो दिवस तिरक्या रेषेच्या खऱ्या लांबीचा असतो.

ज्यांचा या शास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक टेबल भिंतीला लावून ठेवा. भिंत उभी, टेबल आडवं. मधे हवेत एक पेन्सिल धरा. समोरून बघितल्यावर ती जशी दिसते तशी भिंतीवर काढायची, वरून बघितल्यावर जशी दिसते तशी टेबलावर काढायची. भिंतीवरच्या चित्राला आम्ही एलिव्हेशन म्हणतो, टेबलावरच्याला प्लॅन. दोन्ही मिळून वस्तू कागदावर उतरते. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळी हाताची सफाई.

पण त्यात एक मेख आहे. पेन्सिल भिंतीला समांतर धरली तर भिंतीवर ती आहे तेवढीच दिसते. तिचं एक टोक भिंतीकडे आणि दुसरं आपल्याकडे वळवलं, की भिंतीवर ती आखूड दिसते. पेन्सिल तेवढीच असते, चित्र आखूड होतं. टेबलाशीही ती तिरकी असेल तर दोन्ही चित्रांत आखूड. अशा रेषेची लांबी कुठल्याच चित्रावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. ती आधी प्लॅनमध्ये फिरवून भिंतीला समांतर करावी लागते, मग भिंतीवरच्या चित्रात मोजायची. त्याला खरी लांबी म्हणतात.

एकोणीसशे सव्वीस सालच्या कार्तिकात मला हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही, हेही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी जुलैत मी इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झालो होतो. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत पोथी सोडून टी-स्क्वेअर हातात घेणारा मी पहिलाच. वडील, वेणीमाधवभट, दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा-श्राद्धं करवायचे. त्यांच्या आठ पिढ्यांनी तेच केलं होतं. "आमचे ढुंढिराज आता दर्भाऐवजी पेन्सिलीचा तुकडा कानाला लावतात," असं ते चारचौघांत म्हणायचे, वर वर तक्रार आणि आतून गुदगुल्या. मला कौतुकाची सवय लागायला वेळ लागला नाही. तीन महिन्यांत मी घरातल्या पाटापासून शेजारच्या मठाच्या शिखरापर्यंत सगळ्याचं प्लॅन आणि एलिव्हेशन काढून टाकलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा माणूस कसा असतो ते बघायचं असेल तर तेव्हाचा मी बघायला हवा होता.

घरात अन्नपूर्णाआत्या होती, वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, आणि तेव्हापासून आमच्याकडे. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. पन्नास वर्षांत तिचं गंगास्नान चुकलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकापासून घाटाकडे चोवीस पायऱ्या उतरतात. त्या उंच, झिजलेल्या, आणि मठाच्या भिंतीपासून सुरू होऊन खाली जाता जाता भिंतीपासून लांब लांब जाणाऱ्या. अशा तिरप्या का बांधल्या ते बांधणाऱ्यालाच माहीत. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पायऱ्या तिला दिसत नसत. ती एकेका पायरीवर विष्णूचं एकेक नाव घेत उतरायची. केशवाय नमः म्हणून पहिली, नारायणाय नमः म्हणून दुसरी. संध्येतली नावंही चोवीस आणि पायऱ्याही चोवीस. श्रीकृष्णाय नमः झालं की पाय सपाट दगडावर. इतकी वर्षं हा हिशेब चुकला नव्हता.

त्या भाद्रपदात मात्र चुकला. पायऱ्यांच्या मधोमध कोणीतरी "राम राम, बुआजी" म्हणालं, आत्याने उत्तर दिलं आणि नाव कुठवर आलं होतं ते विसरली. पडली नाही, गुडघा खरचटला. वडील म्हणाले, कठडा बसवू या. मी म्हणालो, मी काढून देतो.

दोन दिवस मी त्या पायऱ्यांची मापं घेतली. भिंतीवरून उंची, जमिनीवरून अंतर, सगळं बरोबर. सुंदर कागद केला. प्लॅनही खरा होता, एलिव्हेशनही खरं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त कठड्याची लांबी मी एलिव्हेशनवर पट्टी ठेवून मोजली. साडेएकोणीस फूट. लाल शाईने लिहिली.

कठडा करायला बेचन लोहाराला बोलावलं. बेचनची भट्टी गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी होती, त्याच्या बापाची आणि आजाचीही तिथेच. आमच्या भागातल्या दारांच्या कड्या, विहिरींचे रहाट, मठातल्या घंटांच्या साखळ्या, सगळं त्यांच्याच हातचं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. माझा कागद त्याने दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग पायऱ्यांकडे पाहिलं.

"भइया," तो म्हणाला, "एक बार ऊपर से नीचे तक सुतली तान के नाप लें? दो मिनट का काम है."

चार माणसं उभी होती. मला तो माझ्या विद्येचा अपमान वाटला.

"सुतली से ही नापना होता, तो कॉलेज किसलिए जाते?" मी म्हणालो. माणसं हसली. बेचनही हसला, जरासा.

"ठीक है भइया. जो कागज में है, वही बनेगा."

वडिलांनी लोहटियाच्या लोखंडबाजारातून बारा-बारा फुटांच्या दोन सळया आणून दिल्या. बेचनने त्या भट्टीत तापवून एकजीव केल्या, माझ्या कागदाप्रमाणे साडेएकोणीस फूट ठेवल्या आणि उरलेल्या तुकड्याचे खालच्या खांबांसाठी जाड पाय केले. कार्तिकस्नान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने कठडा बसवायला घेतला. मी कॉलेजात होतो.

संध्याकाळी घरी आलो तो घाईत. दुसऱ्या दिवशी एक शीट द्यायची होती, शाई भरायची बाकी होती. आत्या माझ्या खोलीच्या दाराशी आली.

"बसला म्हणे रे कठडा. उद्या सवेरे मी त्यावरूनच उतरते."

"उतर की. आणि आता ती नावं मोजत बसू नकोस. कठड्यावर हात ठेवायचा नि चालायचं. कठडा संपला की सीढ्या संपल्या."

"बिलकुल?"

"बिलकुल. एक सूतही इकडे तिकडे होणार नाही."

"मग नावं केव्हा घेऊ?"

"पाण्यात उभी राहून घे, आरामात. कोणी राम राम म्हणालं तर दोन घटका गप्पा मार."

ती हसली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

थोड्या वेळाने खिडकीखालून बेचनची हाक आली. "भइया, जरा नीचे आके देख लेते."

"कल, बेचन. अभी स्याही गीली है."

"कल सबेरे तो नहान शुरू है, भइया, बुआजी..."

"बोला ना, कल!" आणि मी खिडकी लावून घेतली. मला वाटलं, शाबासकी घ्यायला आला असेल.

पहाटे ओरडण्याने जाग आली. मी धावत गेलो तेव्हा लोकांनी आत्याला उचलून घाटावरच्या लाकडी चौकीच्या फळ्यांवर ठेवलं होतं. कठडा बाविसाव्या पायरीपाशी संपत होता. तिचा हात संपला, तिला सपाट दगड आला असं वाटलं, आणि तिने पायरीवर नव्हे तर जमिनीवर टाकतात तसं सरळ पाऊल टाकलं. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातल्या डॉक्टरने घरीच, खाटेवर, सहा आठवडे पायाला वजन लावून ठेवलं आणि शेवटी सांगितलं, या वयात हे जुळायचं नाही. ती पुन्हा चालली नाही.

त्याच सकाळी बेचनला गल्लीत बोलावलं. वडील त्याच्यावर ओरडले. "चोवीस फूट लोखंड दिलं मी तुला मोजून. कठडा दोन सीढ्या छोटा कसा? बाकीचं लोहा कुठे विकलंस?"

"जितना कागज में था, उतना ही है पंडितजी. बचा हुआ खंभों के पैर में लगा है. नाप लीजिए."

कोणी मापलं नाही. खरं म्हणजे मी मापायला हवं होतं, ते माझं काम होतं. पण माझ्या कागदात चूक असू शकते हा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही. मी म्हणालो, "कागद बरोबर आहे." सगळ्यांनी माझ्याकडे आणि मग बेचनकडे पाहिलं. एकीकडे कॉलेज, दुसरीकडे लोहार. निकाल लागायला किती वेळ लागतो?

"हम रात को भइया को बुलाने आए थे," बेचन म्हणाला, "कि आके देख लें."

वडिलांनी मला विचारलं, "आला होता?"

"आला होता," मी म्हणालो. "पण छोटा पडला असं काही बोलला नाही."

हे खरं होतं. याहून हलकट खरं मी जन्मात बोललो नाही.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि ड्रॉइंगच्या तासाला आमच्या म्हाताऱ्या मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून फळ्याच्या आणि टेबलाच्या मधे तिरकी धरली. "किती लांब आहे ही?" त्यांनी विचारलं. एकाने उठून फळ्यावरच्या चित्रावर पट्टी ठेवली आणि आकडा सांगितला. मास्तर हसले. त्यांनी तीच पट्टी पेन्सिलीला लावून दाखवली. सगळा वर्ग हसला. "एलिव्हेशनवर पट्टी ठेवून लांबी सांगणाऱ्याला मी पुलाचं काम देणार नाही," मास्तर म्हणाले, "गाईच्या गोठ्याचंही देणार नाही." वर्ग पुन्हा हसला.

तो तास कसा संपला मला आठवत नाही. सायकल मारत घरी आलो, कोनाड्यातली सुतळी घेतली आणि पायऱ्यांवर गेलो. वरच्या टोकाला दगडाखाली दाबून खालपर्यंत ताणली. साडेएकवीस फूट. मग बेचनचा कठडा मापला. साडेएकोणीस, एक सूत कमी नाही की जास्त नाही. घरी येऊन माझा कागद काढला, मास्तरांनी दाखवली तशी रेषा प्लॅनमध्ये फिरवून भिंतीला समांतर केली, आणि मापली. साडेएकवीस. कागदाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. मलाच तो वाचता आला नव्हता.

आता मला सगळं कळलं होतं, आणि एका वाक्यात ते मिटण्यासारखं होतं. गल्लीत उभं राहून म्हणायचं, चूक माझी, बेचनची नाही. बस. एवढं वाक्य मी तीन आठवडे बोललो नाही. आज परीक्षा आहे, उद्या वडिलांना ताप आहे, परवा घरात यात्रेकरू आहेत. माणसाला न करायच्या कामासाठी सबबी शोधायला कष्ट पडत नाहीत. खरं कारण एकच होतं. ज्या चार माणसांसमोर मी कॉलेजची फुशारकी मारली, त्यांच्यासमोर मला खाली मान घालायची नव्हती.

तिकडे बेचनची भट्टी थंड पडत चालली होती. विधवेचं लोखंड खाल्लं आणि तिचा पाय मोडला, अशी बोलवा पसरली. कढईला कान लावून घ्यायलाही लोक चौकात जायला लागले. मठाने साखळीचं काम दुसऱ्याला दिलं. मी कॉलेजला जाताना वाट वाकडी करून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागलो. एकदा समोरासमोर आलोच, तर बेचनने रोजच्यासारखा हात जोडून नमस्कार केला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत्या ओसरीवरच्या खाटेवर पडून असायची. मी सकाळी तिच्यासाठी घाटावरून तांब्याभर गंगा आणायचो आणि तिच्या हातांवर, कपाळावर शिंपडायचो. एका सकाळी शेजारची कोणी येऊन बेचनच्या नावाने बोटं मोडून गेली. ती गेल्यावर आत्या म्हणाली, "त्याला कशाला बोल लावतात? माझाच हात सुटला असेल."

मला ते सहन झालं नाही. तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पट्टी, पेन्सिल, सुतळी, खिडकी, सगळं. सांगताना मी रडत होतो. आत्या छताकडे बघत पडून राहिली. तिला प्लॅन काय नि एलिव्हेशन काय, पण जे कळायचं ते बरोबर कळलं.

"म्हणजे त्याने तू लिहिलंस तेवढंच केलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि रात्री सांगायला आला, तर तू खिडकी लावलीस."

"हो."

मग तिने चाचपून माझा हात धरला.

"पाय माझा गेला त्याचं सोड. किती वर्षं उरलीत मला, मी पडल्या पडल्या नावं घेईन. पण त्याचं नाव घालवलंस तू. बाप-आजाने कमावलेलं नाव. ते तुलाच परत द्यावं लागेल."

"वडिलांना तू सांगशील?"

"नाही. मी सांगितलं तर तुझं सांगणं राहून जाईल. मला सांगायला काय लागतं, मी आत्या आहे तुझी. त्याला जाऊन सांग. आधी त्याला, मग गल्लीला. झालं की मला येऊन सांग, तोपर्यंत मी कोणाजवळ तोंड उघडत नाही. जा."

मी गेलो. खरंच सांगायच्या निश्चयाने गेलो, हे देवाशप्पथ. पण भट्टीपर्यंत जावंच लागलं नाही. बेचन पायऱ्यांवरच होता. कठड्याच्या खालच्या टोकाशी उकिडवा बसून तो हातोडीने रिवेट ठोकत होता. दोन फुटांचा नवा तुकडा त्याने जोडला होता, खाली एक नवा खांबही. कठडा आता थेट सपाट दगडापर्यंत पोचत होता.

"भइया," त्याने वर पाहिलं. "कल जमालपुर जा रहे हैं, साले के पास. वहाँ रेल के कारखाने में लोहार लगते हैं. सोचा, जाने से पहले यह अधूरा न रहे."

"बेचन, मुझे तुमसे..." मी सुरुवात केली.

"नहीं भइया, पहले हमारी सुन लीजिए." त्याने हातोडी बाजूला ठेवली. "हमने बहुत सोचा. महीना भर नींद नहीं आई. कागज तो गलत होता नहीं. फिर गलती कहाँ हुई? अब समझ में आया. दोनों छड़ जोड़ते बखत लोहा लाल था. लाल लोहा बढ़ जाता है. हमने लाल में ही नाप लिया होगा, ठंडा होके सिकुड़ गया. बाप कहते थे, गरम लोहे का भरोसा मत करना." तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "आप तो पढ़े-लिखे हैं. ऐसा हो सकता है न, भइया?"

साडेएकोणीस फूट लोखंड लाल तापवून थंड केलं तर फार तर अडीच इंच आखडतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, कॉलेजात दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. दोन फूट लोखंड कुठेही आखडत नाही. आणि बेचन माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त लोखंडाजवळ बसलेला माणूस. त्यालाही हे एरवी माहीत असायलाच हवं होतं. पण सगळी गल्ली एकच गोष्ट सांगत राहिली आणि माझा कागद त्यांच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा त्याने स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडून दिला होता. चूक शोधून शोधून शेवटी स्वतःच्याच पदरात घातली होती.

सांगायचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी तोंड उघडलं.

"हो सकता है," मी म्हणालो.

त्याचा चेहरा सैल झाला. महिनाभर शोधत असलेलं उत्तर सापडल्यावर माणसाला जसं हायसं वाटतं तसं त्याला वाटलं. "बस, यही जानना था," तो म्हणाला. आणि मी किती नीच आहे ते ऐका. त्याला बरं वाटलेलं पाहून माझ्या मनाने लगेच ठरवलं की आपण त्याच्यावर उपकारच केला.

हत्यारं पिशवीत भरून तो उठला. दोन पायऱ्या चढला आणि वळला. "बुआजी से कहिएगा, हमें माफ कर दें. सामने जाने की हिम्मत नहीं है."

मी मान हलवली.

घरी आलो तेव्हा आत्या वाटच बघत होती. माझी पावलं ओळखून तिने मान वळवली.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाला रे?"

"माफ केलं म्हणाला."

मग तिने पडल्या पडल्या हात जोडले, त्याची भट्टी असेल त्या दिशेला, अंदाजाने. डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं. "एवढ्या मोठ्या मनाचा माणूस," ती म्हणाली. "बापाला बोलाव तुझ्या. मीच त्याला सांगते आणि चार लोकांना बोलावून घेते. गल्लीला कळायलाच हवं."

"नको आत्या," मी म्हणालो. "तो म्हणाला, झालं गेलं गंगेला मिळालं. आता कोणाला सांगू नका. त्याने शब्द घेतलाय माझ्याकडून."

तिने थोडा विचार केला. "त्याचीच इच्छा असेल तर ठीक आहे," ती म्हणाली.

वैशाखात आत्या गेली. तोपर्यंत तिने कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. जमालपुरात बेचनचं काय झालं मला माहीत नाही. मी दोनदा पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा पेटीत टाकलं नाही. आमच्या गल्लीत मात्र तो अजून राहतो. कोणी वेळूची शिडी आखूड बांधली, शिंप्याने बाही तोकडी केली, की लोक म्हणतात, बेचनचं काम केलं. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ती पोरंही म्हणतात. मागच्या होळीला माझ्या देखतच कोणीतरी म्हणालं, सगळे हसले, आणि मीही हसलो.